शेजारचा स्लॉट

माझ्या खानावळीत जेवायला येणारी पोरं दोन प्रकारची. काही ताट पुढ्यात आलं तरी फोनमधून तोंड वर काढत नाहीत, आणि काही पहिल्या घासालाच आईची आठवण काढून माझ्या भाजीला नावं ठेवतात. गोरक्ष या दोन्हींत बसत नव्हता. तो मान खाली घालून जेवायचा आणि उठताना न चुकता म्हणायचा, "आमटी मस्त झालीय, ताई." एकदा आमटी पार करपली होती. मी मुद्दाम त्याच्याकडे बघत उभी राहिले. पठ्ठ्यानं दोन वाट्या संपवल्या आणि तेच म्हणाला. असा माणूस मला आधी आवडतो आणि मग त्याचा भयंकर राग येतो. करपलेल्याला करपलेलं म्हणवत नाही, तो पुढे आयुष्यात काय बोलणार, सांगा!

आमची खानावळ भोसरीत, एमआयडीसीच्या आतल्या रस्त्याला. मला सगळे सुमनताई म्हणतात. दोन्ही बाजूंना वर्कशॉपं, दिवसभर लेथची घरघर आणि ग्राइंडरची किरकिर, त्यामुळे इथं कुणीच हळू बोलत नाही. एक गोरक्ष सोडून. माझ्या शेजारी अर्ध्या शटरच्या गाळ्यात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मूळचा केजकडचा. चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर होता, कंत्राट संपलं तशी कंपनीनं पोरं घरी पाठवली. हा मात्र गावी गेला नाही. कंपनीतल्या कॉम्प्युटरवाल्याच्या मागं मागं फिरून थोडं शिकला होता, राहिलेलं भंगारातली मशीन उघडून शिकला. दिघीत भाड्याची खोली, जुनी बाइक, पाठीला सॅक, आणि दोन वेळचं जेवण माझ्याकडे. तिशी कधीच उलटलेली, लग्न नाही. हल्ली मुलीचे वडील पहिला प्रश्न विचारतात, पोरगा पर्मनंट आहे का? पोरगा कसा आहे, हे नंतरही विचारत नाहीत.

त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक रोगाचं नाव घरूनच ठरवून यायचं. व्हायरस! कॉम्प्युटर सुरू होत नाही, व्हायरस. माउस अडकतो, व्हायरस. एक जण तर कॉम्प्युटरचा डबा खांद्यावर घेऊन आला आणि म्हणाला, "राव, लई डेंजर व्हायरस आहे, जळका वास येतो." गोरक्षनं झाकण उघडलं तर आत पंख्यापाशी पाल मरून चिकटलेली. मी भाकरी तव्यावर टाकून बघायला गेले होते. म्हटलं, "अगं बाई, व्हायरसला शेपूट पण असतं का?" सगळे हसले, गोरक्ष तेवढा हसला नाही. गिऱ्हाइकाला वाईट वाटलं असतं ना!

मी एकदा त्याला विचारलं, "तुला कळतं कसं रे, हार्डवेअर बिघडलं की सॉफ्टवेअर?"

"ताई, मिक्सरचं बटण दाबलं आन् मिक्सर फिरलाच नाही, तर हार्डवेअर. मिक्सर झकास फिरला, पण चटणीत मीठच नाही, तर सॉफ्टवेअर. म्हणजे यंत्र चांगलं हाय, त्याला सांगितलेलं चुकलंय."

"आणि मिक्सर कधी फिरतो आणि कधी नाही फिरत, मग?"

"ते सगळ्यात अवघड," तो म्हणाला. "त्याला मग घडीघडी जाऊन बघावं लागतंय." एवढं बोलून तो उगाचच स्वच्छ स्क्रू-ड्रायव्हर पुसत बसला. तेव्हा मला काही कळलं नाही. मी आपली भाकरीकडे पळाले.

हे घडीघडी जाऊन बघावं लागणारं मशीन होतं मागच्या गल्लीत, उद्धवरावांच्या वर्कशॉपात. त्यांच्या माणसांचे डबे माझ्याकडून जातात, दुपारी मी स्वतःच नेऊन देते. आत शिरल्यावर डाव्या हाताला काचेची केबिन, केबिनमध्ये एकच कॉम्प्युटर, आणि त्या कॉम्प्युटरवर विजयश्री. बिलं, ड्रॉइंग, कोटेशन, सगळं तिच्या हातून जायचं. चाकणच्या पलीकडच्या खेड्यातली मुलगी. घरची शेती, निम्मी जमीन कंपन्यांत गेलेली, वडील आणि भाऊ आता शिफ्टही करतात आणि उरलेली शेतीही. दिसायला चारचौघींसारखी. पण समोरचा बोलायला लागला की हातातलं काम थांबवून त्याच्याकडे नीट बघायची. अशी माणसं आता राहिलीत कुठं?

तर झालं असं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वर्कशॉपात साफसफाई चालली होती. ज्योतीराम तिथला जुना ऑपरेटर, इथल्याच जुन्या गावातला, अवजाराला देव मानणारा. त्यानं कॉम्प्रेसरची एअर गन घेतली आणि एकेका मशीनला हवा मारत सुटला. लेथ झाला, मिलिंग झालं, ड्रिल झालं. मग केबिनमध्ये जाऊन म्हणाला, "ह्ये बी अवजारच हाय की," आणि कॉम्प्युटरचं झाकण काढून त्यालाही सपासप हवा मारली. कॉम्प्रेसरच्या हवेत तेल असतं, पाणी असतं. लेथला ते चालतं. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, सगळं साग्रसंगीत झालं. दसरा उलटून काम सुरू केलं तर कॉम्प्युटरचा पडदा काळा आणि आतून नुसतं टूं, टूं, टूं.

उद्धवराव ओरडले, "व्हायरस! कुणी पेनड्राइव्ह लावला होता?" ज्योतीराम छातीला हात लावून म्हणाला, "म्या सोता साफ केलंय मालक. आत धुळीचा कण न्हाई. आमी काय आज मशीन साफ करतोय व्हय?" शेवटी गोरक्षला बोलावलं.

मी तेव्हा डबे घेऊन तिथंच होते. गोरक्षनं आधी नुसता आवाज ऐकला. म्हणाला, "विंडोज यायच्या आधीच ओरडतंय. म्हणजे गाडी सॉफ्टवेअरपर्यंत गेलेलीच नाही. व्हायरस नाही, हार्डवेअर हाय." मग उघडून बघितलं तर आत सगळीकडे तेलाचा पातळ हात फिरलेला. त्यानं रॅमची पट्टी काढली, सॅकमधून शाळेतल्या पोरांचं असतं तसं खोडरबर काढलं, पट्टीचे पिवळे दात घासले, परत बसवली. बटण दाबलं, मशीन सुरू!

विजयश्री म्हणाली, "अहो, खोडरबरनं? माझ्या ड्रॉवरमध्ये आहे की मग. आधीच सांगायचं!"

आता बघा, त्या वर्कशॉपात सगळे त्याला गोरक्षदादा म्हणायचे. दादा म्हणजे कसं, एकदा म्हटलं की दार बंद, पुढचा काही विचारच नको. विजयश्रीनं त्याला पहिल्या दिवसापासून दादा म्हटलं नाही. नेहमी अहो. बाकीच्यांच्या कानावरून गेलं असेल, माझ्या कानात राहिलं.

आठ-पंधरा दिवसांत मशीन परत बंद. परत खोडरबर, परत सुरू. परत बंद. असं ते वर्ष गेलं, त्याच्या पुढचंही बरंच गेलं. विजयश्रीचा फोन आला की आमचा गोरक्ष माझ्या नळावर तोंड धुवायचा, ओल्या हातानं केस बसवायचा. चाकणच्या मोठमोठ्या कंपन्यांत दुरुस्तीला हा माणूस ग्रीसचे हात घेऊन जायचा आणि मागच्या गल्लीत जायला साबण मागायचा. मी काय आंधळी आहे?

एका दुपारी गर्दी ओसरल्यावर मी त्याला धरलंच. "गोरक्ष, खरं सांग. एवढी मशीन नीट करतोस आणि हे एकच तुला कसं जमत नाही?"

भात चिवडत तो म्हणाला, "ताई, त्यात रॅम बसवायला दोन स्लॉट हायत. शेजारी शेजारी, खाचा असतात तसे. एकात तेल गेलंय, तो पट्टी नीट धरत नाही. शेजारचा चांगला हाय. मी एकदा शेजारच्यात लावून बघितली. दिवसभर काही झालं नाही."

"मग?"

"मग संध्याकाळी काढली आन् परत जुन्यात लावली."

मी हातातला वाढायचा डाव खाली ठेवला. "मुद्दाम?"

"दुरुस्त झालं तर मला परत कामून बोलावतील, ताई?"

असा संताप आला मला! "अरे गाढवा, देवानं तोंड दिलंय ना तुला? सरळ सांग तिला, तू मला आवडतेस. काय गिळणार आहे का ती?"

"मी पर्मनंट नाही. तिचे वडील दारातूनच वाटेला लावतील."

"वडलांचं नंतर. तिला विचारलंस?"

"आन् ती म्हणाली की माझ्या मनात तसलं काही नव्हतं, तर?" त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "तर परत कोणत्या तोंडानं जाऊ तिथं? आता निदान महिन्यातून एक-दोनदा अर्धा तास बसायला मिळतंय. ती चहा सांगते. घरचं विचारते. तेवढंही जाईल की. मला इथं करमत नाही ताई, त्या अर्ध्या तासावर बाकीचे दिवस निघतात."

त्याचा राग आला आणि कीवही आली. म्हटलं, आता आपणच हात घालावा. दुसऱ्या दिवशी डबे ठेवता ठेवता मी विजयश्रीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, तुझा कॉम्प्युटर सारखा आजारी. वैताग येत असेल?"

ती म्हणाली, "नाही ताई. मालक नवीन घेणार होते, मीच नको म्हटलं. म्हटलं, चालतोय की." आणि पदर सारखा करावा तशी तिनं ओढणी सारखी केली. तिचं ते बोलणं मी जसंच्या तसं येऊन गोरक्षला सांगितलं. त्याच्या हातातला घास हातातच राहिला. "खरंच असं म्हणाली?" हे त्यानं मला किती वेळा विचारलं, विचारू नका. आणि मग त्यानं ठरवलं. माझ्यासमोर बसून काय बोलायचं त्याची तयारी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि पुढचा फोन आला तसा गेला.

परत आला तेव्हा मी दारातच उभी. "बोललास?"

"बोललो."

"काय बोललास?"

"प्रिंटरचं बोललो," तो म्हणाला. "तो पण साफ करून दिला."

मी कपाळाला हात लावला. आणखी काय करणार!

दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, आणि चाकणकडची सगळी स्थळं एकदम हलायला लागली. एके दिवशी विजयश्री वर्कशॉपात पेढे घेऊन आली. साखरपुडा झाला होता. मुलगा एका मोठ्या कंपनीत पर्मनंट, घर पलीकडच्याच गावात, लग्न माघात. माझ्या हातात तिनं दोन पेढे दिले. एक माझा, दुसरा वेगळ्या कागदात बांधलेला. "त्यांना द्या," एवढंच म्हणाली. नाव घेतलं नाही.

गोरक्षनं पेढा ताटाच्या कडेला ठेवला आणि जेवला. आमटीबद्दल काही बोलला नाही. मला वाटलं, करपलीय म्हण, खारट झालीय म्हण, ताट फेकून दे, पण काहीतरी म्हण रे बाबा. हात धुऊन तो दुकानात गेला. पेढा खिशात घालून नेला.

तिच्या कामाचा शेवटचा दिवस शनिवार होता. उद्धवरावांनी सगळ्यांसाठी श्रीखंड-पुरी सांगितली होती, ती घेऊन मी गेले. बघते तर कॉम्प्युटर सकाळीच बंद पडलेला आणि गोरक्ष टेबलाखाली गुडघ्यावर. सोमवारी तिच्या जागी दिव्या नावाची नवी मुलगी येणार होती, म्हणून उद्धवरावांनी निक्षून सांगितलेलं, आज काय ते करा पण नीट करा. विजयश्री खुर्ची सोडून बाजूला उभी होती. हातात नव्या बांगड्या. बाहेर माणसं पुऱ्यांच्या वासानं गोळा व्हायला लागली होती, आत आम्ही तिघंच.

गोरक्षनं झाकण काढलं, पट्टी काढली, आणि खिशातून खोडरबर काढलं.

"ते राहू द्या," विजयश्री म्हणाली. "ती पट्टी शेजारच्या स्लॉटमध्ये लावा. माझ्यानंतर बसणारीला कशाला त्रास?"

बाहेर ग्राइंडर चालू होता म्हणून बरं. नाहीतर माझा श्वाससुद्धा ऐकू गेला असता. गोरक्षनं खोडरबर परत खिशात ठेवलं, पट्टी हातातच.

"मागं एकदा तुम्ही शेजारी लावून बघितली होती," ती म्हणाली. "दिवसभर छान चाललं. संध्याकाळी येऊन तुम्ही परत जुन्या जागी लावलीत. मी इथंच बसले होते. मला त्यातलं काही कळत नाही, पण एवढं दिसतं की माणसाला."

"मग तुम्ही कामून बोलला नाहीत?" तो म्हणाला.

"मी बोलायचं?" तिचा आवाज चढला, मग तिनंच तो खाली आणला. "मला वाटायचं, एखाद्या दिवशी तुम्ही कॉम्प्युटर चांगला असताना याल. नुसते. कुणी न बोलावता. मी फार वाट बघितली हो."

मला तिथं थांबायला नको होतं, पण थांबले. गोरक्षनं विचारलं, "आन् आता?"

"आता घरच्यांनी शब्द दिलाय. मुलगा चांगला आहे. त्याचा काय दोष यात?" तिनं डोळे पुसले, सरळ पुसले, लपवले नाहीत. "लावा. जेवायला बोलावतील आता."

त्यानं पट्टी शेजारच्या स्लॉटमध्ये बसवली. टक् असा आवाज झाला. बटण दाबलं, पडदा उजळला. तिनं वाकून मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं. सुरू झालं. पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. खरं सांगते, देवाला हात जोडून मी मनात म्हणत होते, आता तरी बंद पड मेल्या! पण ते प्रत्येक वेळी मुकाट्यानं सुरू झालं. मग ज्योतीराम काचेवर टकटक करून म्हणाला, "चला की, पुऱ्या गार व्हत्यात," आणि आम्ही बाहेर गेलो. गोरक्षनं श्रीखंड वाढून घेतलं. विजयश्री चार वाजताच्या बसला गेली.

लग्नाला उद्धवराव जाऊन आले. फोटो दाखवायला लागले तेव्हा मी गोरक्षच्या ताटात पोळी वाढायच्या निमित्तानं मध्ये उभी राहिले. तिकडे कॉम्प्युटर एकदम ठणठणीत. दिव्या मला म्हणाली, "सगळे उगाच घाबरवत होते, ताई. एकदाही बंद पडला नाही." गोरक्षला त्या गल्लीतून फोन यायचं कारणच उरलं नाही. तो कामाला जायचा, यायचा, जेवायचा. शेजारच्या गाळ्यात कधी कधी नुसता बसून असायचा, समोर कुठलंच मशीन उघडलेलं नसायचं. मी हाक मारायची, "गोरक्ष, चहा?" तर ती हाकही दोनदा मारावी लागायची.

मग एका दुपारी मी डबे उचलले तर हा नळावर तोंड धुतोय. ओल्या हातानं केस बसवले, इस्त्रीचा शर्ट खोचला, आणि माझ्या हातातली एक पिशवी घेऊन बरोबर चालायला लागला. पाठीला सॅक नव्हती.

"फोन आला होता?" मी विचारलं.

"नाही."

"मग कुणी बोलावलंय?"

"कुणी नाही, ताई."

वर्कशॉपात शिरल्यावर तो सरळ केबिनमध्ये गेला आणि टेबलाच्या बाजूला, विजयश्रीशी बोलत बसायचा त्याच स्टुलावर बसला. दिव्या कोटेशन टाइप करत होती. ती गोंधळली. "दादा, कॉम्प्युटर तर चांगला चालू आहे."

"माहितीये," गोरक्ष म्हणाला. "म्हणून तर आलो."

दिव्याला काही कळलं नाही. माझ्याकडे बघून तिनं खांदे उडवले आणि त्याच्यासाठी एक चहा सांगितला.